पायथ्याशी थांबणारे काका

“ह्या गावान आमची आत्या दिलेली,” किल्ल्याच्या सहलीची बस पनवेल मागे टाकून आत वळली की आमचे गाईड काका माइक हातात घेऊन सांगायचे. पुढच्या गावात मेहुणा, त्याच्या पुढच्या गावात चुलतबहीण. गाईड म्हटला की तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि सनावळ्या येतात. काकांचा इतिहास सोयरिकींनी जोडलेला होता. किल्ल्यावर दगड कोणत्या गावाने वाहिले, तळ्यातला गाळ कोणी उपसला, हे सगळं ते सासर-माहेर धरून सांगत.

त्यांचं स्वतःचं गाव विमानतळात गेलं होतं. आता ते करंजाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहत. रविवारची ही सहल म्हणजे शेतं आणि ओळखीची माणसं दिसण्याची त्यांची एकमेव वेळ. मी बसमधला मॅनेजर, म्हणजे नाश्ता वाटणारा आणि डोकी मोजणारा. सोमवार ते शनिवार ऐरोलीत कॉम्प्युटरसमोर आणि सातव्या दिवशी हे. का करतो, ते मलाही नीट सांगता येत नाही.

एका दिवाळीनंतर काकांचे गुडघे गेले. सहल काढणाऱ्या मालकाला कळलं तर काकांचा रविवार जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. किल्ल्याखाली बस थांबली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

“खालचं मी सांगतो, वरचं तू सांग. कोनाला बोलू नको.”

मग दर रविवारी जाताना ते मला वरचा दरवाजा, टाकी, बुरूज शिकवू लागले. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. मी वैतागायचो, पण त्यांचा लळाही लागला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी पार गळून गेलो होतो. आठवडाभर ऑफिसात जादा काम झालं होतं. दुसऱ्या वळणावर मी लोकांना सांगितलं की पुढे वाट बंद आहे, आणि सगळ्यांना खाली आणलं. काका झाडाखाली बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

बसमधल्या एका बाईंनी चहाच्या टपरीवर चौकशी केली. वाट उघडीच होती. लोकांना अर्ध्या वाटेवरून फिरवल्याची तक्रार झाली आणि मालकाने आम्हा दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “मीच परत फिरवली मान्सं. गुडघे साथ देत नाय.”

मालकाला वाईट वाटलं, पण त्याने काकांना पुढच्या रविवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

जिना उतरताना मी माफी मागायला लागलो. कठड्याला धरून ते थांबले. “माझा रविवार आज नाय तर उद्या जानारच होता. तू वरपर्यंत जात जा.”

तेव्हापासून मी माथ्यापर्यंत जातो. लोक खाली आल्यावर माझं कौतुक करतात, सोबत फोटो काढतात. मालकाला खरं सांगून काकांना निदान बसपुरतं परत आणायचं, असं मी दर रविवारी ठरवायचो आणि संध्याकाळी दमून तसाच घरी जायचो. श्रावणात काका गेले. आता मालकाला सांगून कोणाला परत आणणार?