पालखीचा पुढचा खांदा

गेल्या साली मी देवावर जरा नाराज होतो, ते आधी सांगून टाकतो. पन्नाशी ओलांडली तरी अंगानं कधी दगा दिला नव्हता. आणि चंपाषष्ठी तोंडावर आली असताना, पेंडीचं पोतं टेंपोत टाकायला वळलो नि डाव्या बरगडीत अशी कळ निघाली की जागीच बसलो. खोकलं तरी दुखायचं, कूस बदलली तरी दुखायचं. डावी बाजू म्हटल्यावर घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थोरली लेक सुवर्णा मला एसटीनं धाराशिवला घेऊन गेली. छातीची ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत होतं. मग डॉक्टरांनी छातीच्या मधल्या हाडाशेजारी बोट दाबलं आणि मी कळवळलो. बरगडी त्या हाडाला जिथं जोडलेली असते, तिथं सूज आली होती. घाबरू नका म्हणाले. शेकत राहा, मधूनमधून छाती भरून श्वास घ्या, आणि काही आठवडे ओझं उचलू नका.

ओझं म्हणजे पोतं, एवढंच मी धरून चाललो. पालखीला ओझं म्हणायला मन धजेना. अणदूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या खंडोबाच्या पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराकडं आहे. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला. तो घरातल्याच माणसाचा लागतो, आणि षष्ठीला रिकामा राहिला तर मान चुलतघराकडं जातो. मला मुलगा नाही, दोन मुलीच. म्हणून दुखणं थांबलंय असं घरी ठोकून दिलं, धोतराची घडी छातीवर करकचून आवळली, वर सदरा चढवला आणि देवळात गेलो.

आरती झाली, येळकोट घुमला, आणि माझ्या तोंडून नुसती हवा निघाली. दम पुरेना. घाम फुटला तसा दीपमाळेला टेकून बसलो. तुझंच काम करायला आलोय, मग माझीच बरगडी का धरलीस, असं मनात देवाला विचारत होतो. शेजारी एक म्हातारी बसली होती, आळंदकडून दर्शनाला आलेली. ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती.

"आप्पा, छाती आवळून बांधलीस व्हय?" ती म्हणाली. "सोड ते आधी. माझ्या मालकानं असंच केलं हुतं. श्वास आत जाईना, कफ साठला, लई दिस दवाखान्यात काढलं."

"आज खांदा द्यायचाय, आजी. घरात दुसरं कुणी न्हाय."

सुवर्णा भंडाऱ्याचं ताट घेऊन समोर उभी होती. पोलीस भरतीसाठी रोज टेकडी पळत चढणारी माझी लेक. म्हातारीनं तिच्याकडं हात केला.

"मग ही कुणाच्या घरातली?"

मी दीपमाळेमागं जाऊन छातीवरचं धोतर सोडलं आणि सुवर्णाला हाक मारली. "हो पुढं. खांदा दे."

"आबा, मी? चालंल?"

"घरातली हाईस न्हवं?"

चुलतभाऊ पटका बांधून तयारच उभा होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि अर्धं पाऊल बाजूला सरला. "डावा पाय आधी टाक, पोरी," म्हणाला.

पालखी उठली. मी शेजारून चालत होतो. छाती भरून श्वास घेतला, कळ आली, येऊ दिली, आणि असा येळकोट दिला की पुढून लेकीचा जय मल्हार सगळ्यांच्या वरताण आला. माझे डोळे भरून आले. आयुष्यात इतका अभिमान मला स्वतःच्या खांद्याचाही वाटला नव्हता.

दुपारी ती म्हातारी रोडगा-भरिताच्या पंगतीत दिसली. मी पाया पडायला वाकलो. "कण्हत कशाला वाकतोस," ती म्हणाली, "बरगडी बरी झाल्यावर पड. आता भरीत वाढ." मी वाढलं. तिला कुणी पाठवलं, हे मी विचारलं नाही. मला ते कळलं होतं. देवावर भार टाकणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मी समजत होतो. त्याआधी आपण आवळलेलं आपल्याच हातानं सैल करावं लागतं.

पुढं शेकून, जपून, रोज खोल श्वास घेऊन बरगडी बरी झाली. यंदा खांदा मला देता आला असता. मी मागितला नाही. नवखं कुणी विचारतं, पुढं ती पोरगी कुणाची? मी छाती भरून श्वास घेतो आणि सांगतो, आमची.