रोमन राजाचे डोळे

गणपतीचे डोळे आखणाऱ्या बाईला लॅटिन कशाला हवं, असं तुम्हीही विचारणार का? विचारणार असाल तर आधी ऐका, मग तोंड उघडा.

रोहिणी पेणजवळच्या जिते गावची. घरी भाताची आणि वालाची शेती. गेली बारा वर्षं ती पेणच्या एका कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बी.ए. करताना पुस्तकात एक रोमन नाणं भेटलं. राजाच्या मुंडक्याभोवती लॅटिन अक्षरं, अर्थ कुठेच नाही. तिला राग आला. ज्यांच्या पैशावरचं वाचता येत नाही, त्यांचा इतिहास काय पाठ करायचा? मोबाइलवर लॅटिनचं फुकट मिळेल ते तिनं उतरवलं, इंग्रजीवरून मराठीत आणलं आणि मूर्ती बांधायच्या कागदावर विभक्त्यांचे तक्ते लिहिले. हीच तिची पाठ्यपुस्तकं.

मग कारखान्यात कामाला येणाऱ्या रोह्याच्या पाच मुली मागे लागल्या, आम्हालाही शिकव. जागा हवी. तिथल्या वाचनालयाकडे तिनं दोनच गोष्टी मागितल्या: रविवारचे दोन तास आणि कपाटातला एक कप्पा. मी त्या कमिटीवर आहे, भांडून आत शिरलेला.

कमिटीला दाखवायला तिनं प्लास्टरचं एका रोमन राजाचं डोकं घडवलं. फोटोतल्यासारखं पांढरंफेक करायचं होतं. पण कारखान्याचा रिवाज असा, की डोळे आखल्याशिवाय मूर्ती गिऱ्हाइकाच्या पाटावर जात नाही. तिचा हात सवयीनं चालला. काळी बुबुळं, वर भुवया, ओठांना लाली.

अध्यक्ष प्रदीपशेठनी डोकं फिरवून फिरवून पाहिलं. म्हणाले, “गो रोहिणी, हा तुझा राजा दीड दिवसाचा की पाच दिवसांचा?”

सगळे हसले. जिला रोमन पुतळे पांढरे असतात एवढं ठाऊक नाही, ती काय शिकवणार, असं ठरवून अर्ज बाजूला पडला. मी उठलोच होतो. तिनं नजरेनंच मला बसवलं, डोकं ओढणीत गुंडाळलं आणि निघून गेली.

पण गप्प बसणारी नव्हे. रोमन लोकांनी आपल्या राजांना बुबुळांवाचून आंधळं का ठेवलं असेल, हे ती शोधत बसली. आणि सापडलं उलटंच. ते पुतळे रंगवलेले असत. डोळे, केस, ओठ, सगळं. शतकांमागून शतकं गेली तसे रंग उडाले, दगड तेवढा उरला.

पुढच्या बैठकीला तेच डोकं टेबलावर ठेवून, छापून आणलेली पानं तिनं समोर सरकवली. “खोटं कशाला बोलू, मला बी ठाऊक नव्हतं. सवयीनं रंगवलं. पण त्यांचे रंगारी पण आमच्यासारखेच होते, शेठ. त्यांचा रंग गेला, आमचा ताजा हाय, एवढंच.”

प्रदीपशेठनी चष्मा लावून पानं वाचली. दोन तास दिले. कप्पाही दिला, पण अट घातली: दिवाळीपर्यंत पुस्तकांनी भरला नाही, तर कप्पा परत.

आज त्यात तिचे तक्ते आणि झेरॉक्सची एक चळत आहे. मराठीतून लॅटिन शिकवणारं पुस्तक मला तरी कुठे मिळालं नाही. तुमच्या माळ्यावर जुना लॅटिन शब्दकोश असेल, रोमच्या इतिहासाचं फाटकंतुटकं पुस्तक असेल, तर रद्दीत घालू नका. रोह्याला येणाऱ्या कुणाच्याही हाती द्या आणि वाचनालयात कळवा, स्टेशनवर येऊन मी घेऊन जातो. दिवाळीच्या आत पाठवा.