केळीच्या वाडीतलं टोटल स्टेशन

“हा बघा तुमचा पास्कल,” असं म्हणून सरांनी फोन माझ्यासमोर धरला.

फोनवर पास्कल नव्हता. नकाशा होता आणि त्यावर एक हिरवा ठिपका. ठिपक्याखाली नाव होतं ‘टोटल स्टेशन १’. ठिपका वसईजवळच्या गिरीज गावात होता. पास्कलचं घरही गिरीजमध्ये आहे. सरांच्या दृष्टीने तपास संपला होता.

“काल संध्याकाळी दोन माणसं पाठवली त्याच्या घरी,” सर म्हणाले.

“मशीन मिळालं?”

“नाही. म्हणजे त्याने हलवलं. उद्या सकाळपर्यंत आणून दिलं नाही तर पोलीस कम्प्लेंट. कामावरून तो आजपासूनच बंद.”

मी सर्व्हेअर आहे. जमीन मोजते. वसई-विरार भागात हे काम जमिनीपेक्षा भांडणं मोजण्याचं जास्त आहे. त्यासाठी आमच्याकडे जे मुख्य यंत्र असतं त्याला टोटल स्टेशन म्हणतात. तीन पायांच्या स्टँडवर बसवायचं, दिसायला जाडजूड दुर्बिणीसारखं. समोर लांबवर एक माणूस काठीवर काचेचा प्रिझम धरून उभा राहतो. यंत्र प्रिझमवर किरण टाकतं, तो परत येतो, आणि यंत्र अंतर आणि कोन सांगतं. किंमत एखाद्या नव्या मोटारीइतकी.

प्रिझम धरणाऱ्या माणसाला चेनमन म्हणतात. पूर्वी तो मोजणीची लोखंडी साखळी ओढायचा. साखळी गेली, नाव राहिलं. पास्कल आमचा चेनमन. ऑफिसची किल्ली त्याच्याकडे असते, कारण सकाळी वेळेवर येणारा तो एकटाच आहे. त्या दिवशी हाच त्याच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. दसऱ्याच्या सुट्टीत ऑफिस उघडून त्याने मशीन नेलं, असं सरांचं म्हणणं.

सर म्हणजे आमचे मॅनेजिंग डायरेक्टर. दुसऱ्या डायरेक्टर त्यांच्या मिसेस. त्यामुळे मॅनेज कोणाला करायचं हा प्रश्न घरातच सुटतो.

आता टॅगबद्दल. आमच्याकडे टेप, हातोड्या आणि छत्र्या नेमाने हरवतात. टोटल स्टेशन कधीच हरवलं नव्हतं. ते टॅग लावल्यावर हरवलं.

हे टॅग रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असतात. आत बारीक सेल. टॅगला आपण कुठे आहोत हे अजिबात कळत नाही. तो फक्त ब्लूटूथवरून सतत आपली ओळख सांगत बसतो. जवळून जाणाऱ्या कोणाच्याही फोनला ते ऐकू आलं, की तो फोन स्वतःची जागा कळवतो. तीच जागा आपल्याला ठिपका म्हणून दिसते. थोडक्यात, ठिपका म्हणजे ऐकीव माहिती. जवळ गेल्यावर मात्र आपल्या फोनवरचं बटण दाबलं की टॅग पीं पीं वाजतो.

सरांनी हे टॅग आणले आणि खंडेनवमीला त्यांचा शुभारंभ ठेवला. त्या दिवशी आम्ही दरवर्षी यंत्रांची पूजा करतोच. झेंडूची फुलं, हळदकुंकू, पेढे, अर्ध्या तासात मोकळे. या वर्षी मागे बॅनर होता, ‘डिजिटल अ‍ॅसेट ट्रॅकिंग प्रणाली उद्घाटन सोहळा’. प्रमुख पाहुणे आमचे सगळ्यात मोठे क्लायंट, एक बिल्डर. त्यांना सगळे शेठ म्हणतात. गुरुजींनी टॅगवर अक्षता टाकल्या. कोणत्या देवतेचं आवाहन करावं याबद्दल ते जरा साशंक दिसले, पण निभावून नेलं. शेठनी टॅग लावले, टाळ्या झाल्या, भाषण झालं. मग दसरा, मग शनिवार-रविवार. सोमवारी आम्ही दुसरं मशीन घेऊन गिरीजमध्ये एक केळीची वाडी मोजायला गेलो. पास्कल तिथूनच घरी गेला, सामान ड्रायव्हरने ऑफिसात आणलं. संध्याकाळी पुढच्या कामासाठी पहिलं मशीन काढायला गेले, तर कपाट रिकामं.

“सर, ऑफिसचा फोन द्या,” मी म्हटलं. टॅग त्याच फोनला जोडलेले होते. “मी जाऊन बघते.”

“बघा. पण त्याला सावध करू नका.”

पास्कल घराच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला नाही.

“या मॅडम. पलंगाखाली काल बघून झालंय. माळा राहिलाय. शिडी देऊ?”

“पास्कल, मी झडती घ्यायला नाही आले.”

“मग चहा घ्या. चोराच्या घरचा चालतो ना?”

समोरच्या घराच्या खिडकीत एक म्हातारे काका आमच्याकडे बघत होते. बघत नाही असं दाखवण्याचा त्रासही ते घेत नव्हते.

“काल तुमचे दोघं फोन घेऊन गल्लीभर फिरले,” पास्कल म्हणाला. “कुठे वाजतंय का ऐकत. लोकांना वाटलं गॅस लीक झाला. मग त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, पास्कलने मशीन आणलंय म्हणून. मशीन चोरून मी काय करणार मॅडम? केळी मोजू?”

“मी सरांशी बोलते.”

“नोकरीचं नाही हो. नोकरी दुसरी मिळेल. रविवारी मिस्सा सुटली की आम्ही सगळे चर्चबाहेर उभे राहून गप्पा मारतो. तिथे आता मी कुठे उभा राहू, ते सांगा.”

मी फोन काढला. ठिपका त्याच्या घरावर नव्हताच, मागच्या वाड्यांच्या दिशेला होता. आम्ही दोघं चालत निघालो. विहिरीपाशी पोचल्यावर फोनने ‘जवळ आहे’ असं सांगितलं. मी बटण दाबलं. केळींच्या आतून बारीक आवाज आला, सर्दी झालेल्या रातकिड्यासारखा.

ती वाडी आम्ही सोमवारी मोजलेलीच निघाली. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. गावात सगळे त्यांना टीचर म्हणतात आणि त्याही सगळ्यांशी टीचरसारख्याच बोलतात.

“आवाज कसला?” पुढे येत त्यांनी विचारलं.

आवाज एका केळीतून येत होता. केळीला भला मोठा घड लागला होता. ती एका बाजूला वाकली होती. तिला आमचा रेंजिंग रॉड टेकू म्हणून लावला होता, वर सुंभाने नीट बांधून. रेंजिंग रॉड म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी. सीमारेषा दाखवायला ती जमिनीत उभी करतात. तिचं एवढंच काम.

“ही काठी आमची आहे, टीचर.”

“ठाऊक आहे. काल तुमचे लोक टाकून गेले. घड जड झाला होता. म्हटलं, सर्व्हेवाल्यांची काठी आहे, निदान सरळ तरी असेल.”

निघताना रॉड मोजून गाडीत ठेवणं कोणाचं काम, यावर आमच्या ऑफिसात अजून एकमत नाही. रॉडवर झिप टायने टॅग बांधलेला होता आणि तो वाजत होता. फोनच्या मते हेच टोटल स्टेशन १.

पास्कल इतक्या वेळात पहिल्यांदा हसला. “मॅडम, सरांना फोटो पाठवा. म्हणावं, मशीन सापडलं. फळ धरलंय.”

“रॉड न्या,” टीचर म्हणाल्या, “पण आधी मला बांबू आणून द्या. माझी केळ काय तुमची वाट बघत उभी राहणार आहे?”

पास्कलने बांबू आणून बांधला. मी रॉड घेऊन ऑफिसात गेले.

सरांनी रॉड बघितला, टॅग बघितला आणि मान डोलावली. “हुशार आहे. मशीनचा टॅग काढून काठीला बांधला.”

“सर, हा टॅग पूजेपासून काठीलाच असणार. फोटोग्राफरने शेठना टॅग किती वेळा लावायला लावले आठवतंय? डोळे मिटले, पुन्हा. प्रकाश कमी, पुन्हा. दर वेळी टॅग काढून ताम्हणात टाकले. सगळे दिसायला सारखे. नावं फोनमध्ये, टॅगवर काहीच नाही.”

“मग?”

“मग मशीनवर दुसऱ्याच कुठल्यातरी नावाचा टॅग आहे.”

मी फोनवर एकेक नाव उघडत गेले. बहुतेक ठिपके ऑफिसात होते. ‘रेंजिंग रॉड ३’ मात्र विरारला होता. काठी चोरीला जाईल असं कोणाला वाटत नाही, म्हणून तो ठिपका कोणी उघडलाच नव्हता. मी नकाशा मोठा केला. ठिपका शेठच्या बंगल्यावर होता.

सर खुर्चीत मागे टेकले. “मॅडम, या अ‍ॅपचं काही सांगता येत नाही. ब्लूटूथ आहे शेवटी. एरर असतो.”

त्यात चूक काहीच नव्हती. फक्त हे ज्ञान त्यांना गिरीजमध्ये झालं नव्हतं, बंगल्याशी पोचल्यावर झालं.

“आणि शेठच्या घरी मशीन जाईल कसं? ते काय चोर आहेत?”

“सर, तुमचा व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी बघता?”

त्यांनी बघितला. पूजेपासून त्यांनी तोच फोटो ठेवला होता. टोटल स्टेशनच्या पिवळ्या पेटीला झेंडूचा हार. सर ती पेटी दोन्ही हातांनी शेठना देताहेत, शेठ घेताहेत, दोघंही कॅमेऱ्याकडे बघताहेत. शेठच्या मागे त्यांचा ड्रायव्हर उभा आहे, खांद्यावर शाल, काखेत नारळ, आणि दोन्ही हात पेटीच्या दिशेने पुढे.

आपल्याकडे पाहुण्याच्या हातात जे दिलं जातं ते ड्रायव्हर नेऊन डिकीत ठेवतो. हार असो, मोमेंटो असो. कोणता भाग फोटोपुरता आणि कोणता कायमचा, हे त्याला विचारायची पद्धत नाही. त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं.

“ते प्रतीकात्मक होतं,” सर हळू आवाजात म्हणाले.

“ड्रायव्हरला सांगितलं होतं का?”

सरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, “आत्ता शेठकडे हा विषय नको. चांदीप गावातल्या लेआउटचं काम त्यांच्याकडूनच यायचंय.”

“आणि पास्कल?”

“त्याचा विषय वेगळा. काठी विसरला ना तो?”

सकाळी चोरी होती. दुपारपर्यंत विसराळूपणा झाला होता. कामावरून काढणं मात्र जसंच्या तसं.

मी बाहेर येऊन शेठना स्वतःच फोन लावला. मला चांदीपचं काम मिळवायचं नव्हतं, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

“अहो मॅडम,” शेठ म्हणाले, “मी मिसेसना म्हटलंच होतं, गिफ्ट जरा जास्तच भारी आहे. तुमच्या सरांना नक्की कुठलं तरी मोठं काम पाहिजे असणार.”

“नाही शेठ, ते फोटोपुरतं होतं.”

“मग सांगायचं ना! दुर्बीण मात्र फर्स्ट क्लास. नातवाला गच्चीवरून जीवदानीच्या डोंगरावरच्या पायऱ्या दाखवल्या. पाठवा कोणाला तरी, घेऊन जा.”

संध्याकाळी मशीन परत आलं. सरांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या ट्रॅकिंग प्रणालीमुळे अ‍ॅसेट सुखरूप परत. टीमचे अभिनंदन.’ खाली टाळ्यांची चित्रं. पास्कलला वेगळा मेसेज गेला, ‘गैरसमज झाला होता. उद्यापासून जॉइन व्हावे.’ आमच्या ऑफिसात गैरसमज कोणी करत नाही. तो होतो.

पास्कल आला नाही. मी फोन केला.

“मशीन माझ्याकडे आहे हे गल्लीत येऊन सांगितलं ना?” तो म्हणाला. “मग नाही हेही गल्लीत येऊनच सांगायचं. दोघांना पाठवायची गरज नाही. सर एकटे आले तरी चालतील.”

दोन दिवस सर ‘बघू’ म्हणाले. त्या दोन दिवसांत ऑफिस सकाळी कोणी उघडायचं यावरून भांडणं झाली. तिसऱ्या दिवशी सर तयार झाले. पण सरांना कुठेही साधं जाता येत नाही. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, फोटोग्राफरला बोलावलं. गिरीजला पोचेपर्यंत माफीचा सत्कार झाला होता.

गल्लीत माणसं जमली. सरांनी घसा साफ केला. “आमच्या संस्थेच्या परिवारातील एक निष्ठावान, कर्तव्यदक्ष…”

“सर,” पास्कल म्हणाला, “ते मागाहून. मशीनचं सांगा.”

“तेच सांगतोय. काही तांत्रिक कारणांमुळे गैरसमज…”

“तसं नको. पास्कलने नेलं नव्हतं, एवढंच बोला.”

सर एकदा फोटोग्राफरकडे बघून म्हणाले, “पास्कलने मशीन नेलं नव्हतं.”

“जरा मोठ्याने. समोरच्या काकांना कमी ऐकू येतं.”

सरांनी पुन्हा सांगितलं. या वेळी वाडीपर्यंत गेलं असावं.

खिडकीतले काका म्हणाले, “मग नेलं कोणी?”

भाषणात याची तयारी नव्हती. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नारळाच्या झाडांकडे बघितलं.

“मीच दिलं होतं,” सर म्हणाले. “एका पाहुण्यांना.”

“तुम्हीच दिलं,” काका म्हणाले, “आणि ह्याच्या पलंगाखाली शोधत होता?”

कोणी हसलं नाही. हसले असते तर सरांना बरं वाटलं असतं. पास्कलने मान हलवली, पुढे आला आणि शाल घेतली. श्रीफळ घेतलं नाही. म्हणाला, “हे राहू द्या सर. वर बघा, किती आहेत.”

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिस उघडलं. आता प्रत्येक टॅगवर मार्करने नाव लिहिलेलं आहे. टॅग वाईट नाहीत, गेल्या महिन्यात एक छत्री खरंच सापडली. पण एखादी मोठी वस्तू हरवली तर मी नकाशा उघडत नाही. आधी शेवटच्या कार्यक्रमाचे फोटो मागवते.