गेटवरचे आकडे

वसमतच्या नव्या कॉलनीत राहायला आले त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत चोरी म्हणावी अशी एकच झाली. कुणाची तरी पाण्याची रबरी नळी गेली, तीही नंतर मागच्या रिकाम्या प्लॉटवर सापडली. पण मोबाईलवरचा कॉलनीचा ग्रुप उघडला की वाटावं, दरोडेखोरांनी आम्हाला वेढाच घातलाय. रोज कुठल्यातरी गावचा व्हिडिओ आणि खाली ‘सावध राहा’. मी निवृत्त शिक्षिका. लोकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत मी ते सगळं वाचायची आणि मनातून घाबरायचीही. दाराला एक कडी होती, मी आणखी दोन बसवून घेतल्या. आमचे हे हसायचे, मग मी त्यांच्यावर चिडायची.

थंडी नुकती पडायला लागली होती. सकाळी अकराच्या सुमारास एक माणूस सायकलवरून आला. पन्नाशीचा, पिकलेली दाढी, गळ्यात मफलर. गेटशी उभा राहून त्यानं विचारलं, "बाई, घरात मानसं किती हायत? दिवसा कोन असतंय घरी?"

"तुम्हाला काय करायचंय?" असं खेकसून मी गेटला कुलूप घातलं. तो पुढं काहीतरी सांगत होता, पण मी ऐकायला थांबलेच नाही. आत येऊन पडदा सारून बघते, तर तो समोरच्या गेटवर खडूनं लिहून राहिलेला. दोनचा आकडा आणि भोवती गोल.

चोर आधी येऊन घरांवर खुणा करून जातात, हे ग्रुपवर आदल्याच आठवड्यात आलं होतं. मी खिडकीतूनच त्याचा फोटो काढला आणि लिहिलं, ‘सावधान. ही व्यक्ती घरात किती माणसे आहेत, दिवसा कोण असते, अशी चौकशी करत असून घरांवर खुणा करीत आहे.’ शुद्ध मराठीत, विरामचिन्हांसकट. लगेच अंगठे यायला लागले. ‘बाई, तुमच्यामुळे कॉलनी वाचली,’ असंही कुणीतरी लिहिलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. दुपारी दोन घास जास्तच जेवले.

तीन वाजता व्हिडिओ आला. माझा फोटो फिरत फिरत पलीकडच्या कॉलनीत पोचला होता आणि तिथं लोकांनी त्याला घेरलं होतं. सायकल आडवी पडलेली. त्याला दोन्ही कान धरून उभं केलेलं. "गाद्यावाला हाव साहेब, गाद्यावाला," एवढंच तो म्हणून राहिला होता. कुणीतरी मागून त्याच्या डोक्यात चापट मारली आणि बाकीचे हसले. मी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळानं माझा मेसेज पुसायला गेले, पण तो सगळीकडे जाऊन बसला होता.

संध्याकाळी समोरची बाई तणतणत आली. "काहून टाकलं हो मॅडम तुमी ते? पिंजारी हाय तो. मीच बोलावलं व्हतं त्याला." दोनचा आकडा तिच्या दोन गाद्यांचा होता. हा माणूस आधी घरं फिरून गाद्या ठरवतो, गेटवर आकडा टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ टेम्पोत मशीन घेऊन येतो, ते आकडे बघत अंगणातच कापूस पिंजून देतो. जड गाद्या बाहेर काढायला माणूस लागतं, म्हणून दिवसा घरी कोण असतं ते विचारायचं. लोकांनी त्याला चौकीवर नेऊन दिलं होतं, पोलिसांनी तासाभरात सोडलं. पण टेम्पो आमच्याकडे त्यानंतर आला नाही.

चार दिवस मी ग्रुप उघडलाच नाही. पाचव्या दिवशी पत्ता विचारत त्या भावांच्या पत्र्याच्या शेडवर गेले. रिक्षात वाक्य घोकलं होतं, ‘तो फोटो मी टाकला होता, माझी चूक झाली.’ एवढंच. पस्तीस वर्षं वर्गासमोर बोलले, हे एवढं बोलायला कितीसं लागतं?

तो दारातच कापसाच्या ढिगापाशी बसला होता. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. मला बघून घाईनं उठला. मला त्यानं ओळखलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी तोंड उघडायच्या आत त्यानं गळ्यातली दोरी वर ओढली. तिला प्लॅस्टिकमध्ये घातलेलं आधार कार्ड होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी पुढं केलं.

"सगळं बराबर हाय बाई. बघून घ्या."

मी त्याचा हात मागं सारायला हवा होता. मी ते कार्ड हातात घेतलं. नाव वाचलं, पत्ता वाचला, फोटो त्याच्या चेहऱ्याशी ताडून बघितला. मग म्हणाले, "ठीक आहे."