बोटांना सुट्टी नाही

खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी साचतात, मोसंबी आणि किस्से. मोसंबी संपली. किस्से सांगतो.

तीस वर्षं हिंगणघाटात बातमीदारी करतोय आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरांचे कडे चढतोय. उजव्या खांद्याचा फाटलेला स्नायू शिवून घेतला, तर अख्ख्या गावाने मला रिटायर करून टाकलं. 'आता या वयात' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. अरे, चढणाऱ्याचं वय बोटांत असतं! ती बसून राहिली की संपलं. फिजिओथेरपीवाल्या पल्लवीताईंनी करार केला. "काका, हात उचलायचा नाही, फक्त बोटं चालवा. तीन महिने ऐकलंत तर सरावाच्या भिंतीवर सोडीन. नाहीतर आणखी तीन महिने बंद."

* * *

सुरुवातीला गळ्यातल्या झोळीत हात आणि हातात रबरी चेंडू. दिवसभर दाबत राहायचं.

एका साहेबांची पत्रकार परिषद होती. पहिल्या रांगेत बसलो. चेंडू झोळीत, दिसत होती फक्त मूठ. आवळ, सोड, आवळ, सोड. साहेब बोलता बोलता सारखे तिकडेच बघत होते. शेवटी कुणी न विचारताच म्हणाले, "पुलाचं काम रखडलं, ही आमचीच चूक आहे."

तीस वर्षांत इतकं सरळ उत्तर मला मिळालं नव्हतं. बाहेर त्यांच्या ड्रायव्हरने गाठलं. "भाऊ, मूठ काऊन आवळून राह्यलते? साहेब घाबरले ना."

* * *

चेंडू सोपा झाल्यावर बादली आली. तुरीने भरलेल्या बादलीत मनगटापर्यंत हात घालायचा, बोटं उघडायची, मिटायची.

शेजारचे बन्सीभाऊ धान्याचे व्यापारी. तब्येत विचारायला आले, पण बादली दिसली आणि त्यांना माझा खांदा दिसेना. त्यांनी सरळ आत हात घातला, मूठभर तूर वर काढली, एक दाणा दाताखाली फोडला.

"ओल आहे, वहिनी. दोन दिवस ऊन दाखवा."

माझी बायको सुनंदा माझं ऐकत नाही, व्यापाऱ्याचं ऐकते. तूर गच्चीवर गेली. दोन दिवस मी पलंगावर आणि माझी व्यायामशाळा उन्हात.

* * *

डाव्या हाताला जास्त मोकळीक होती. आमच्या कडे चढणाऱ्यांच्या ग्रुपचे म्होरके ठाकरे सर, पेशाने गणिताचे मास्तर. त्यांनी सागाची एक पट्टी तासून दिली, जेमतेम बोटांची टोकं टेकतील एवढी. तिला दोरीने पाण्याचा डबा बांधायचा आणि हात खाली सरळ ठेवून चार बोटांवर उचलायचा.

बन्सीभाऊंनी तीन दिवस कुंपणावरून पाहिलं. चौथ्या दिवशी आत आले. "पत्रकारसाहेब, राग नका मानू. पण डब्याले कडी आहे."

मी अर्धा तास त्यांना समजावलं. बोटांच्या शिरा, पकड, कडा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, "समजलं. पण कडी आहे."

* * *

तीन महिने झाले. भिंतीपाशी पल्लवीताई, ठाकरे सर आणि सुनंदा. घरून निघताना ती म्हणालीच होती, "पास झाले तं पुन्हा चढान, अन् मी पुन्हा खालून पाहात राहीन."

परीक्षा सोपी. छातीच्या उंचीची पकड दोन्ही हातांच्या बोटांनी धरायची, वजन मात्र पायांवरच ठेवायचं. दहा सेकंद. माझा स्वभाव ताईंना माहीत. त्यांनी माझ्या पायाखाली पेपरचं एक पान सारलं.

"काकू, तुम्ही हे ओढत राहा. निघालं, म्हणजे काकांनी पाय उचलले. मग आणखी तीन महिने."

सुनंदा खाली बसली. ताईंची नजर माझ्या खांद्यावर, सरांची घड्याळावर. पाचपर्यंत मी शहाण्यासारखा उभा होतो. सातला बोटांना भिंत आठवली. आठला मला राहवलं नाही.

पायाखालून कागद सरकल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

"दहा," सर म्हणाले.

"निघालं का, काकू?"

सुनंदा उठली. ते अख्खं पान तिने चार घड्या घालून पिशवीत टाकलं.

"नाई निघालं," ती म्हणाली. "फाटलं."