घड्याळ न लावता काढलेली वेळ

माझं काम जरा विचित्र आहे. संगणकावर एखादं काम करायला सरावलेल्या माणसाला किती वेळ लागेल, ते मी कागदावर काढतो. एक बटण दाबायला इतका, कीबोर्डवरचा हात माउसवर जायला इतका, पुढे काय करायचं याचा विचार करायला इतका. बेरीज केली की झालं. घड्याळ लागत नाही. याचा मला फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मटेरियल गेटवर दोघं बसायची. आलेल्या ट्रकचं चलन, म्हणजे मालाची पावती, बघून नोंद संगणकात भरायची, एवढंच काम. एक मोशीच्या ताई, गावातल्या जुन्या घरातल्या. दुसरे चाचा, पूर्वीचे गॅरेजवाले. गुडघे गेल्यावर खुर्चीवर आलेले. चाचा एका बोटाने टाईप करायचे, आणि ते बोटही आधी हवेत फिरवून घ्यायचे. कंपनीचे साहेब मला म्हणाले, “सरावलेल्या हाताला गाडीमागे मिनिटाच्या आत वेळ लागत असेल, तर दोन माणसं कशाला?” यात कोणाची खुर्ची जाणार ते मला कळलं होतं. मी मान डोलावली.

ताईंनी मला बघताच विचारलं, “घड्याळ कुटं हाय तुमचं?”

“लागत नाही. मी नुसती बटणं मोजतो.”

“मग बसा की. चहा घ्या.”

आता ताईंनी घड्याळाचं का विचारलं, हे मला तरी समजायला हवं होतं, कारण मी पिंपरीतच वाढलोय. माझे वडील कारखान्यात जोडणी खात्यात होते. मागे कामाची वेळ मोजणारा घड्याळवाला येऊन उभा राहिला की हात मुद्दाम जड करायचा, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. त्या दिवशी जो वेग दिसतो, तो दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. वडील घरी करून दाखवायचे: नट उचलायचा, न्याहाळायचा, त्यावर फुंकर मारायची, मग लावायचा. आई हसून बेजार व्हायची.

आणि मी गेलो मोकळ्या हाताने. ताई खुलल्या. स्क्रीनकडे न बघता चलन भरत होत्या, माउसला हात म्हणून नाही. संगणक अडकला तरी यांची बोटं पुढच्या रकान्यात. मधेच म्हणाल्या, “बघा चाचा, शिका जरा.” चाचा हसले. मी बटणं मोजत होतो. बेरीज अडतीस सेकंद आली. मला आनंद झाला, सांगायला लाज वाटते. पुढच्या पहिल्या तारखेला चाचांची खुर्ची उचलली.

तीन महिन्यांनी ट्रकची रांग गेटबाहेर रस्त्यावर जायला लागली, तेव्हा साहेबांनी मला पुन्हा मोजायला पाठवलं. ताई एकट्याच होत्या. दुपार उलटून गेली होती आणि डबा तसाच बांधलेला होता. चहाचं विचारलं नाही.

“तुमी घड्याळ काढलं असतं, तर मी हात जड केला असता,” त्या म्हणाल्या. “चाचांची जागा माज्या बोटांनी गेली.”

“तुमच्या नाही ताई, माझ्या कागदाने.”

मग मी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि कीबोर्डशेजारी ठेवलं.

ताईंनी घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. चलन उचललं, दोन्ही बाजूंनी वाचलं, त्यावर फुंकर मारली. एक बोट वर केलं, हवेत फिरवलं आणि पहिलं बटण दाबलं. मी ते लिहून घेतलं. विचार करायला लागलेला वेळही प्रत्येक बटणामागे लिहिला. गाडीमागे चार मिनिटं भरली.

“सरावलेल्या हाताला एवढा वेळ, राव?” साहेबांनी विचारलं.

“मोजलंय,” मी म्हटलं.

चाचा महिन्याभरात परत आले. मी गेटवर गेलो तरी ते चहा दोनच सांगतात, ताईंना आणि स्वतःला. बरोबर आहे त्यांचं.