खोकण्यापुरता खाली

दवाखान्यातल्या बाकावर माझ्यासमोर एक इस्त्रीच्या कपड्यातला माणूस बसला होता. तोंडाला मास्क होता. खोकला आला तसा त्याने मास्क हनुवटीवर ओढला, मनसोक्त खोकला आणि पुन्हा नाकावर चढवला. त्याच्या शेजारी एक म्हातारी धापा टाकत होती.

"अहो, नेमका खोकतानाच काढता?" मी विचारलं.

"आतून ओला होतो ना, आजोबा."

म्हणजे फडकं कोरडं राहिलं पाहिजे, मग म्हातारी मेली तरी चालेल.

माझी बायको सरू अशीच धापा टाकायची. ओटीत आलेले ब्लाउजपीस कापून तिने मास्क शिवले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दारातल्या खिळ्याला अडकवले होते. तिला बघायला आलेले सोयरे दारात मास्क बांधायचे आणि तिच्या उशाशी बसले की खाली ओढायचे. "तोंड बांधून बोललं तर वहिनीला काय वाटेल?" अरे, वहिनीला श्वास हवा होता, तुमची थोबाडं नको होती! पण तीही वेडी. पाहुण्याला कसं बोलायचं म्हणून गप्प राहायची.

ती गेली तेव्हा हीच माणसं नाकापर्यंत घट्ट बांधून आली आणि उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून गेली. आता त्यांना जीव प्यारा झाला होता.

त्या माणसाचा हात पुन्हा मास्ककडे गेला. मी उठलो आणि त्याच्या व म्हातारीच्या मधे जाऊन बसलो.

"काढ," म्हटलं, "आता काढून बघ."